वाघाची भीती आणि माईकची भीती
(प्रभागसंघाच्या बैठकीत केलेलं मार्गदर्शन)



राजुरा भागात माणसं मारणारा आरटी-1 वाघ ऑक्टोबर 2020 मध्ये पकडला गेला. ते दिवस आठवा. एकटीनं वावरात जायचं नाही, अंधार पडायच्या आत घरी यायचं. ती भीती बरोबर होती. अशी भीती जीव वाचवते.

आता दुसरी भीती पाहू. गटात तुम्ही हिशेब चोख सांगता. पण ग्रामसभेत माईक पुढे आला की छाती धडधडते, हात थरथरतात, तोंड कोरडं पडतं. वाघ दिसल्यावर शरीर जे करतं, तेच इथंही करतं. समोर मात्र वाघ नसतो, "लोक काय म्हणतील" हा विचार असतो.

थोडा संकोच सगळ्यांनाच असतो. पण अशी भीती सहा महिन्यांच्या वर टिकली, तिच्यापायी तुम्ही बँक, बैठक, लग्नातली पंगत टाळू लागलात, तर ती सामाजिक चिंता असू शकते. सुई, उंची, पाल, बंद खोली अशा एखाद्या गोष्टीची अवाजवी भीती म्हणजे फोबिया. हा त्रास बरा होतो. ही बाहेरची बाधा नाही आणि यात लाजण्यासारखंही काही नाही.

"मले नाही जमत बाई, तूच जा," म्हटलं की लगेच हलकं वाटतं. पण पुढच्या वेळी भीती आणखी वाढलेली असते. नुकसानही खरंच होतं. वनहक्काच्या ग्रामसभेत हजर लोकांमध्ये किमान एक-तृतीयांश महिला लागतात. तिथं आपण सही-अंगठ्यापुरत्या बसलो, तर आपल्या जमिनीचं दुसरेच ठरवतील.

मग करायचं काय? एकेक पायरी चढायची. आधी गटात बचतीचा आकडा मोठ्यानं सांगा. जमलं की ग्रामसंघात दोन वाक्यं बोला. मग ग्रामसभेत एकच प्रश्न, घरून ठरवून नेलेला, शेजारी मैत्रीण बसवून. धडधड सुरू झाली तरी मधूनच उठू नका. थांबलं की ती हळूहळू उतरते. एका पायरीवर सवय झाली की पुढची.

सुई पाहून चक्कर येत असेल तर सिस्टरला आधीच सांगा, आडवं होऊन सुई घ्या. चक्कर येतेय वाटलं तर हातापायाचे स्नायू थोडा वेळ घट्ट आवळा, त्यानं रक्तदाब सावरतो. सुई टोचायचा हात मात्र सैल ठेवा.

एवढ्यानं भागत नसेल तर 14416 या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. किंवा आशाताईला सांगून उपजिल्हा रुग्णालयात जा. समुपदेशनानं फरक पडतो, गरज पडली तर डॉक्टर औषधही देतात.

बाकीच्या तायांना एक विनंती. घाबरणाऱ्या ताईला हसू नका, जबरदस्तीनं उभी करू नका, आणि तिच्या वतीनं तुम्हीच बोलून टाकू नका. पुढच्या बैठकीत आजवर न बोललेल्या एका ताईला विचारा, "आजचा आकडा तू सांगतेस का?" ती उठली की तिच्या शेजारी बसा. तिला घाई करू नका.