दाखवायचे दात आणि खायचे दात



हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे दात वेगळे, ही म्हण आपण ढोंगी माणसाला उद्देशून वापरतो. आज तिचा मी जरा निराळा उपयोग करणार आहे. हत्तीला निसर्गाने दातांचे दोन संच दिले. माणसाला एकच दिला. ज्या दातांनी आपण भाकरी तोडतो, त्याच दातांनी हसतो, आणि त्यांच्याच आधाराने बोलतो. म्हणून माणसाचा जबडा वाकडा वाढला की खाणे, बोलणे आणि दिसणे या तिहींवर त्याचा परिणाम होतो. असा माणूस पंचविशी-तिशीत येऊन म्हणू लागला की, 'मी तारा लावून आणि शस्त्रक्रिया करून हे दुरुस्त करून घेणार', तर घरातून पहिला प्रश्न येतो : हे खाण्यासाठी की दाखवण्यासाठी? आणि दुसरा लगेच येतो : आता या वयात कशाला? या दोन प्रश्नांचा विचार आपल्याला आज करावयाचा आहे.

प्रथम दोष कोणता ते समजून घेऊ. दात वाकडे असणे आणि जबडा वाकडा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दार नीट बसत नसेल तर सुतार ते थोडे तासतो, बिजागरी हलवतो आणि काम भागते. पण चौकटच तिरकी असेल तर दार कितीही तासले तरी फट राहते. नुसते दात वाकडे असतील तर तारा पुरतात. पण कोणाचा खालचा जबडा फार पुढे आलेला असतो, कोणाचा फार मागे राहिलेला असतो, कोणाच्या दाढा मिटल्या तरी पुढच्या दातांत फट राहते, तर कोणाची हनुवटी एका बाजूला सरकलेली असते. तेथे चौकटच दुरुस्त करावी लागते.

ज्याच्या पुढच्या दातांत फट आहे त्याला आपल्या कळण्याच्या भाकरीचा घास दातांनी तोडता येत नाही. हातानेच तुकडा करून तो दाढेखाली सारावा लागतो. पंक्तीत बसला की तो सर्वांच्या मागे राहतो. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण दोन्ही ओठ मिटल्याशिवाय उमटत नाहीत. ज्याचे ओठ सहज मिटत नाहीत त्याला ते प्रयत्नाने मिटावे लागतात. 'स' म्हणताना जीभ फटीतून डोकावते. आणि मराठीत तर 'चमचा' आणि 'चहा' यांतील 'च'सुद्धा सारखा नाही! एखाद्या शिक्षकाला दिवसभर फळ्यापुढे उभे राहून हे करावे लागत असेल, तर त्याचे कष्ट काय असतील याची कल्पना करा. काहींचा खालचा जबडा इतका मागे असतो की झोपेत घशातील वाट अरुंद होऊन श्वास अडतो. हे तर निव्वळ प्रकृतीचेच दुखणे झाले.

हा दोष पुष्कळदा वंशपरंपरेने येतो. युरोपातील हाब्सबुर्ग राजघराण्याचा पुढे आलेला जबडा इतिहासप्रसिद्ध आहे. त्या घराण्यात नात्यातल्या नात्यात लग्ने होत आणि दोष पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेला. स्पेनचा राजा दुसरा कार्लोस (१६६१-१७००) याला अन्न नीट चावता येत नसे. ज्याच्या राज्यावर सूर्य मावळत नाही असे म्हणत, त्या राजाला घास चावता येऊ नये! आज एखाद्या कापूस-केळी पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला जो उपाय खुला आहे, तो त्या सम्राटाला नव्हता.

आता 'देवाने दिले तसे ठेवावे' या म्हणण्याकडे वळू. चेहरा दुरुस्त करून घेणे हे विलायती खूळ आहे, अशी काहींची समजूत असते. वस्तुस्थिती उलट आहे. १७९२च्या लढाईत इंग्रज फौजेचा एक मराठा बैलवाला टिपूच्या हाती सापडला. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव कावसजी असे आले आहे. टिपूने त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला, आणि मग पुण्याजवळच्या वीट करणाऱ्या जातीच्या एका कारागिराकडे जाऊन त्याने नवे नाक करवून घेतले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवायचा, तो कपाळावर सपाट पसरून त्याभोवती रेघ मारायची, आणि तेवढी कपाळाची कातडी खाली वळवून नाक घडवायचे, अशी ती रीत. या हकीकतीचा वृत्तांत १७९४मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आला. तो वाचून कार्प्यू नावाच्या इंग्रज शल्यविशारदाने पुढे १८१४मध्ये तीच शस्त्रक्रिया लंडनला केली. म्हणजे ही विद्या पुण्याच्या परिसरातून विलायतेला गेली आहे.

कावसजी पुरता वाढलेला माणूस होता. नाक नसले तरी त्याला खाता येत होते. तरीही त्याला कोणी 'दिखाऊ' म्हणणार नाही. मग ज्याचा चेहरा तलवारीने नव्हे, तर हाडाच्या वाढीने बिघडला, त्याला आपण तो शब्द का लावावा? बालकवी १८९०मध्ये ज्या धरणगावात जन्मले, त्या गावाने तरी सुंदर दिसण्याची इच्छा म्हणजे अपराध मानू नये.

जबड्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहासही जुना आहे. अमेरिकेतील सायमन हलिहेन याने १८४९मध्ये, भाजल्यामुळे जबडा विद्रूप झालेल्या एका तरुण स्त्रीच्या खालच्या जबड्यावर ती केली. पुढे ट्राउनर आणि ओब्वेगेसर या शल्यविशारदांनी १९५७मध्ये जी पद्धत इंग्रजीत प्रसिद्ध केली, तिच्यावर आजचे काम मुख्यतः उभे आहे. खालच्या जबड्याचे हाड दाढांच्या मागे आडवे न कापता, लाकूड उभे चिरावे तसे चिरायचे, आणि त्याचे दोन भाग एकमेकांवरून पुढे किंवा मागे सरकवायचे. हाडाला हाड रुंद लागून राहते, त्यामुळे ते चांगले जुळते. काप तोंडाच्या आतून घेतात, म्हणून चेहऱ्यावर सहसा व्रण राहत नाही. सरकवलेले हाड टायटॅनियम धातूच्या लहान पट्ट्यांनी आणि स्क्रूंनी पक्के करतात. वरचा जबडाही असाच मोकळा करून हलवता येतो.

'या वयात कशाला' याचे उत्तर येथेच आहे. जबड्याची वाढ थांबल्याशिवाय ही शस्त्रक्रिया सहसा करीत नाहीत. मुलींची वाढ लवकर थांबते, मुलांची कधीकधी विशीपर्यंत चालते. वाढ चालू असताना कापले तर हाड पुन्हा आपल्या वाटेने वाढेल. लहान मुलांत वाढीला वळण लावणारी साधने उपयोगी पडू शकतात, म्हणून आईबापांनी मुलाला सातआठ वर्षांचे असतानाच दाखवून घ्यावे. पण ती वेळ गेली, तर प्रौढ वय हेच या शस्त्रक्रियेचे योग्य वय आहे. दातही मोठेपणी हलतात. तारेचा दाब पडतो त्या बाजूचे हाड झिजते, ताण पडतो त्या बाजूला नवे भरते, आणि दात त्या वाटेने हळूहळू सरकतो. हिरड्या मात्र निरोगी हव्यात.

आता निर्णयाकडे येऊ. येथे एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. जबडा वाकडा असला की दात वर्षानुवर्षे कलून एकमेकांना गाठण्याची धडपड करतात आणि मूळ दोष थोडा झाकतात. शस्त्रक्रियेपूर्वी तारांनी हे कललेले दात आपापल्या हाडावर सरळ उभे करावे लागतात. याला बहुधा वर्ष-दीड वर्ष लागते. आणि त्या काळात दोष कमी न होता उघडा पडतो! पुढे आलेली हनुवटी अधिकच पुढे वाटते, चावणे अधिक कठीण होते. शस्त्रक्रियेनंतरही काही महिने तारा ठेवाव्या लागतात, आणि नंतर दात जागेवर राहावेत म्हणून साधन वापरावे लागते. एकूण हिशेब दोन-अडीच वर्षांचा धरावा.

दोष सौम्य असेल तर नुसत्या तारांनी, प्रसंगी एखाद-दुसरी जोडी दात काढून, तो झाकून टाकण्याचाही मार्ग असतो. परंतु झाकण्यासाठी दात एका दिशेला कलवायचे असतात आणि शस्त्रक्रियेसाठी उलट दिशेला. दोन्ही मार्गांसाठी काढावयाचे दातही वेगळे असू शकतात. म्हणून 'आधी तारा तर लावू, शस्त्रक्रियेचे मागाहून पाहू' हे म्हणणे येथे घातक आहे. अर्ध्या वाटेवरून परतणाऱ्याच्या वाट्याला मूळच्याहून वाईट चावा येतो. निर्णयाची घडी पहिली तार बसण्यापूर्वीची आहे. त्या दिवशी तारा लावणारे ऑर्थोडॉन्टिस्ट आणि जबड्याचे सर्जन या दोघांनीही रुग्णाला तपासलेले असावे आणि दोघांचे एकमत झालेले असावे.

धोक्यांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. खालच्या ओठाला आणि हनुवटीला स्पर्शज्ञान देणारी नस जबड्याच्या हाडातूनच जाते. शस्त्रक्रियेनंतर तेथे बधिरपणा बहुतेकांना येतो. ओठ हलतो, पण ताकाचा थेंब हनुवटीवर ओघळला तरी कळत नाही. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत वा महिन्यांत परत येते. काहींना थोडा बधिरपणा कायमचा राहतो. रक्तस्राव, जंतुदोष, जबडा काही अंशी मूळ जागी सरकणे हेही संभवते. पहिले काही दिवस पातळ अन्नावर काढावे लागतात : वरणाचे पाणी, ताक, आंबील. मग कुस्करलेले केळे, मऊ खिचडी, बिनतिखट भरीत. शेंगदाणे आणि कडक भाकरी यांना सुमारे दीड-दोन महिने रजा.

खर्चही लहान नाही. धुळ्याला दंतमहाविद्यालय आहे. छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि मुंबई येथे शासकीय दंतमहाविद्यालये आहेत. तेथे चौकशी केल्यावाचून कोणी घर गहाण टाकू नये. तारांसाठी महिन्या-दीड महिन्याला फेरी मारावी लागते. गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी हिशेबात धरा. विम्यावर भिस्त असेल तर मंजुरी आधी लेखी घ्या, कारण केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला विमा सहसा पैसे देत नाही. तेथे मात्र 'खायचे दात की दाखवायचे' हा प्रश्न कागदावर उभा राहतो आणि डॉक्टरांच्या नोंदीला महत्त्व येते.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. आपल्याकडे मुलीच्या दातांची आठवण घराला होते ती स्थळे येऊ लागल्यावर. 'वैशाखात लग्न काढू, तोवर काहीतरी करून टाका' असे डॉक्टरांना सांगितले जाते. हाडाला मुहूर्त कळत नाही. आणि समजा जबडा वेळेत सरळ झालाही, तरी ज्या घराने हनुवटीसाठी मुलगी नाकारली ते घर उद्या आणखी कशासाठी तरी तिला बोल लावील. पाहायला येणाऱ्यांसाठी जबडा कापून घेऊ नये. मात्र तीच मुलगी कमावती होऊन, सारे धोके ऐकून, 'हे मला माझ्यासाठी हवे' असे म्हणत असेल, तर तिला 'नखरे' म्हणणाऱ्यांनी गप्प बसावे.

दुसऱ्या बाजूला आईबाप असतात. मुलाची हनुवटी बहुधा त्यांच्यापैकीच कोणाची तरी असते. मुलगा ती बदलू म्हणतो तेव्हा बापाला वाटते, हा माझेच तोंड नाकारतो आहे. तसे नसते. बापाने त्या जबड्याने आयुष्य काढले, कारण त्याच्यापुढे दुसरी वाट नव्हती. मुलापुढे ती आहे. वाट असूनही एखाद्याने 'नको' म्हटले, तर तोही निर्णयच आहे, आणि तोही तितकाच मानाचा आहे. पुष्कळ माणसे वाकड्या जबड्याने सुखाने जेवतात आणि मोकळेपणाने हसतात. त्यांच्यात काही कमी नाही.

म्हणून निर्णय घेणाऱ्याने स्वतःला तीनच प्रश्न विचारावेत. मला नेमका त्रास कोणता आहे? ओठ थोडा बधिर राहिला तरी हा सौदा मला पत्करेल का? आणि हे पाहायला जगात कोणीच नसते, तरी मी हे केले असते का? तिसऱ्याचे उत्तर 'नाही' आले, तर थोडे थांबावे. परंतु लाज वाटू देऊ नये. दिसणे हीदेखील माणसाची एक गरज आहे. निसर्गाने आपल्याला दातांचा एकच संच दिला, त्यात आपला दोष काय?