लक्ष्मीबाईंची क्षमा



आपल्या कल्याणात शाळा शिकलेल्या एका मुलाचे नाव आज मुद्दाम घेतो: नारायण वामन टिळक. फुलामुलांचे कवी म्हणून तुम्ही त्यांना ओळखता. पण मला बोलायचे आहे ते त्यांच्या पत्नीबद्दल, लक्ष्मीबाईंबद्दल.

10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पत्नीला विश्वासात न घेता. लक्ष्मीबाईंनी नुकतीच पंचविशी ओलांडलेली, पदरात लहानगा दत्तू, आणि नवरा असून संसार मोडलेला. जवळजवळ पाच वर्षे ही ताटातूट चालली. पुढे त्या नगरला टिळकांकडे आल्या, तरी सोवळे लगेच सुटले नाही. स्वयंपाक वेगळा, पाणीही वेगळे. मन हळूहळू वळले. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विचाराने.

आम्ही ख्रिस्ती माणसे रोज देवाकडे क्षमा मागतो, ती आम्हीही इतरांना क्षमा करतो या हवाल्यावर. अपराध्याला सात वेळा क्षमा करू का, असे पेत्र या शिष्याने विचारले, तेव्हा येशूने साताच्या सत्तरपट सांगितले. लक्ष्मीबाईंना तेवढी संधी टिळकांनी नक्कीच दिली!

'स्मृतिचित्रे' या आपल्या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी काही झाकून ठेवलेले नाही. टिळकांचा तापटपणा, न सांगता घराबाहेर पडणे, घरात चणचण असताना हात सैल सोडणे, सगळे लिहिले. पण शब्दांत कुठे विखार नाही, उलट वाचताना हसू येते. जखम भरली की माणूस तिच्यावर बोट ठेवून बोलू शकतो, तसे ते लेखन आहे.

म्हणून मुलांनो, क्षमा म्हणजे मुकाट्याने सोसणे, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. वर्गात कोणी छळत असेल तर बाईंना सांगा, घरी सांगा. सांगितल्याने क्षमा कमी होत नाही.

1919 साली टिळक गेले. येशूच्या जीवनावरचे त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. ज्या येशूपायी आपले घर मोडले असे एके काळी वाटले, त्याचीच कथा लक्ष्मीबाईंनी पुढे नेली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी त्या काव्यात 64 अध्यायांची भर घातली.

'स्मृतिचित्रे'ची एक प्रत वाचनालयासाठी आणली आहे, ती मुख्याध्यापिका बाईंच्या हाती देतो. दहावीच्या मुलांनी परीक्षा झाल्यावर आधी ती मागून घ्यावी. तुमची नाटके बघायची आहेत, म्हणून इथेच थांबतो.