दूध एकजीव असतं का?



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक संपत आली होती. तेवढ्यात एका ताईंची लेक वही घेऊन आली. प्रश्न होता, दूध हे समांगी मिश्रण की विषमांगी? समांगी म्हणजे सगळीकडे सारखं, एकजीव. विषमांगी म्हणजे ज्यात घटक मिसळूनही वेगळेच राहतात. आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो, "समांगी! दुधात वेगळं काय दिसतं?" पोरगी म्हणाली, "मीही तेच लिहिलं. चूक दिलंय."

मग आम्ही तिथंच करून पाहिलं. तुम्हीही करा. काचेचे दोन पेले स्वच्छ पाण्याने भरा. एकात चमचाभर साखर विरघळवा, दुसऱ्यात दुधाचे दोन-चार थेंब टाका. खोलीत अंधार करा. कागदाला बारीक भोक पाडून त्यातून मोबाइलच्या बॅटरीचा उजेड बाजूने सोडा. साखरेच्या पाण्यात उजेडाची वाट जवळजवळ दिसत नाही. दुधाच्या पाण्यात मात्र पांढुरकी पट्टी दिसते. दुधातले स्निग्धांशाचे आणि प्रथिनांचे कण उजेड विखुरतात, म्हणून. जॉन टिंडल या शास्त्रज्ञाच्या नावावरून याला टिंडल परिणाम म्हणतात.

अशा मिश्रणाला कलिल म्हणतात. त्यातले कण साधारणपणे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतात. डोळ्याला दूध एकजीव दिसतं, पण कण वेगळेच असतात. म्हणून पुस्तकात कलिल विषमांगी धरतात. आपण तर रोज साय काढतो, दही घुसळून लोणी काढतो. पूर्ण विरघळलेलं असतं, तर ते असं वर आलं असतं का?

आता पावसाळ्यातलं गढूळ पाणी आठवा. जाड माती तळाशी बसते, पण अगदी बारीक माती रात्रभर ठेवली तरी बसत नाही आणि फडक्यातूनही निसटते. त्या कणांवर एकाच प्रकारचा विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. तुरटी फिरवली की हे ढकलणं कमी होतं, कणांचे पुंजके होतात आणि तळाशी बसतात. आपल्या आज्या हेच करत होत्या.

पण एक चूक मी स्वतः कितीतरी वर्षं केली. तुरटीने निवळलेलं पाणी चांगलंच, असं समजून मी ते पोरांना तसंच प्यायला देत होते. तुरटीने पाणी नितळ होतं, पण सगळे जंतू जात नाहीत. वरचं पाणी अलगद ओतून घ्या, गाळा आणि खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या.

आणि साखरेचा पेला विसरू नका. त्यात उजेडाला काही सापडलं नाही, तरी साखर होतीच. तसेच पाण्यात विरघळलेले क्षार डोळ्याला दिसत नाहीत आणि बहुतेक क्षार उकळून जातही नाहीत. म्हणून पाण्याची तपासणी झाली का, हे ग्रामसभेत विचारा. एकटीने नको, गटाने विचारा.