दवाखान्यातून घरी येताना



ऑपरेशन डॉक्टर करतात. ते काही तासांत संपते. पण जखम भरायला बरेच दिवस लागतात. ते दिवस रोगी आपल्या घरी काढतो. घरी डॉक्टर नसतो. घरी आई असते, बायको असते, मुलगा असतो. म्हणून पुढचे काम आपले आहे.

ते काम कसे करायचे, हे डॉक्टर घरी सोडताना सांगतात. आपण "बरं, बरं" म्हणून मान हलवतो. मग एस.टी.त बसल्यावर एकमेकांना विचारतो, "काय म्हणाले हो डॉक्टर?" असे करू नका. डॉक्टरांनी सांगितले, की तेच आपल्या शब्दांत त्यांना परत सांगा. "म्हणजे साहेब, ही गोळी जेवल्यावर घ्यायची, आणि पट्टी परवा बदलायची. बरोबर ना?" चुकले असेल तर तिथेच कळेल. विचारण्यात लाज कसली?

तुम्ही आता वाचायला शिकलात. मग चिठ्ठी वाचा. गोळीपुढे पुष्कळदा १-०-१ असे लिहितात. पहिला आकडा सकाळचा. मधला दुपारचा. शेवटचा रात्रीचा. म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. बाकीचे इंग्रजीत असेल तर सिस्टरना म्हणा, "ताई, मराठीत लिहून द्या."

गोळ्या जितके दिवस सांगितल्या तितके दिवस घ्या. दुखणे थांबले म्हणून मधेच सोडू नका. गोळीने अंगावर पुरळ आले किंवा उलट्या झाल्या, तर डॉक्टरांना लगेच कळवा.

काही लोक म्हणतात, "भात खाल्ला की जखमेत पू होतो." हे खरे नाही. पू जंतूंमुळे होतो. इंग्रज सर्जन जोसेफ लिस्टर यांनी १८६७ साली आपला अनुभव छापून सांगितला. जखम जंतुनाशक औषधाने जपली, तर ती सडणे कमी होते. म्हणून साबणाने हात धुतल्याशिवाय पट्टीला हात लावू नका. जखमेवर हळद, राख, पाल्याचा रस घालू नका. डॉक्टरांनी पथ्य सांगितले नसेल, तर रोग्याला भाकरी, डाळ, दूध, अंडी द्या. जखम भरायला अन्न लागते.

डॉक्टर चालायला सांगतात, तेव्हा घरचे म्हणतात, "पडून राहा." पण फार पडून राहिले तर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते. सांगितले असेल तर रोग्याला आधार देऊन चालवा. मात्र चालणे वेगळे आणि ओझे उचलणे वेगळे. समजा, पोटाचे ऑपरेशन झाले आहे. पाण्याचा हंडा किंवा कांद्याची गोणी उचलली, तर आतला भाग उसवू शकतो. मग पुन्हा ऑपरेशन, पुन्हा खर्च. मजुरी बुडते हे खरे. म्हणून "कामाला केव्हा लागू?" हे निघण्यापूर्वीच विचारा.

ताप आला, जखम लाल झाली, सुजली, पू आला, रक्त थांबेना, पोटरी दुखून सुजली, तर टाके काढायच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. दम लागला, छातीत दुखले किंवा रक्त फार जाऊ लागले, तर १०८ नंबर लावा. ही गाडी फुकट येते.

कुणी म्हणेल, "आम्हां अडाण्यांना हे काय कळणार?" आपल्या जामखेडकडे पाहा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे १९७० साली काम सुरू केले. त्यांनी खेड्यांतल्या बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या ऐकून, पाहून, विचारून शिकल्या. त्यांनी गावोगाव बाळंतिणींची आणि मुलांची काळजी घेतली. मग आपल्याला आपल्या घरातला एक रोगी सांभाळता येणार नाही का?

तेव्हा घरी आल्यावर चिठ्ठी उशाखाली ठेवू नका. सगळ्यांना दिसेल अशी भिंतीला अडकवा. रोज सकाळी मोठ्याने वाचा. गोळी दिली की पुढे खूण करा. आणि पुन्हा दाखवायला जाल, तेव्हा तीच चिठ्ठी बरोबर न्या.