जळगावचे वांगे आणि 'जयगाव'ची बोली

(कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणावरून)



खानदेशी माणूस ओळखण्यासाठी त्याचे आडनाव विचारावे लागत नाही. त्याला जळगावचे नाव घेऊ द्यावे. तो 'जयगाव' म्हणतो, धुळ्याला 'धुये' म्हणतो, डोळ्याला 'डोया' म्हणतो. तापी-गिरणेच्या खोऱ्यात शिरताच 'ळ'चा 'य' होतो. अहिराणी बोलणारा असेल तर 'माझा' या शब्दाच्या जागी 'मना' येतो आणि 'आहे'च्या जागी 'शे'. वडीलधारा त्याचा 'जिभाऊ' असतो, बरोबरीचा 'भो'. पहिलीच्या वर्गात पाऊल टाकणारे मूल शाळेला 'शाया' म्हणते, आणि पुष्कळदा त्याचे पहिले हसे याच शब्दावरून होते. जिथे त्याला शहाणे व्हायचे आहे, त्या जागेचे नावसुद्धा आपल्याला घेता येत नाही, ही समजूत पहिल्याच दिवशी त्याच्या मनात रुजते.

हाच माणूस पंक्तीला यजमान म्हणून उभा राहिला की चित्र पालटते. हिवाळ्यात शेताच्या बांधावर कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करावा, त्यात यावल तालुक्यातील बामणोदकडची हिरवट पांढरी, भली थोरली वांगी भाजावी, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या, लसूण घालून ठेचावी, आणि कांद्याच्या पातीसह कळण्याच्या भाकरीवर घ्यावी. ज्वारी-उडदाची ही भाकरी कष्टकऱ्याचे रोजचे अन्न. तिला ना रूप ना नजाकत. पण या भरितासाठी पुण्या-मुंबईचे पाहुणे आनंदाने मातीत मांडी घालून बसतात. शेवभाजी तर केव्हाच महामार्गांवरच्या ढाब्यांत आणि शहरांच्या खाणावळींत पोचली. उपड्या खापरावर भाजले जाणारे, हातांवर फिरवत फिरवत घोंगडीएवढे वाढवलेले मांडे पाहायला लोक गर्दी करतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, केळीलाही मिळाले. योग्यच झाले.

वांग्याला मानांकन मिळाले. पण ते पिकवणाऱ्याची जीभ अजून अशुद्धच राहिली आहे. याचे कारण चवीत शोधू नये. भरीत विकत घेता येते; खाऊन हात धुतले की आपण पुन्हा आपल्या घरी. बोलीचे तसे नाही. बोली स्वीकारायची तर ती बोलणाऱ्याला शेजारी बसवून घ्यावे लागते, त्याचे म्हणणे त्याच्या शब्दांत ऐकावे लागते, आणि प्रसंगी आपली चूकही त्याच शब्दांत मान्य करावी लागते. प्रतिष्ठितांची भूक पोटाची आहे, कानांची नाही.

अहिराणीची शासकीय कागदांतील गत तर चमत्कारिक आहे. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणात १९०७ साली खानदेशीचा समावेश भिल्ल भाषांच्या खंडात झाला, मराठीच्या खंडात नव्हे. षष्ठीचा 'ना-नी' हा प्रत्यय गुजरातीच्या जवळचा, पुष्कळशी शब्दसंपत्ती मराठीची, आणि प्रदेश गुजरात, माळवा, वऱ्हाड व दख्खन यांच्या वाटांवरचा. तेव्हा पंडितांनी घोळ घालावा हे समजण्यासारखे आहे. २०११च्या जनगणनेतही 'खानदेशी' ही स्वतंत्र भाषा म्हणून मोजली गेली आणि तिचे बोलणारे सुमारे १८ लाख ६० हजार भरले. म्हणजे शिरगणतीच्या वेळी हे मराठी भाषक नव्हेत, आणि त्यांचा मुलगा परीक्षेला बसला की तो अशुद्ध मराठी लिहिणारा ठरतो! वेगळी भाषा म्हणून मिळणारा मान नाही, मराठीची लेक म्हणून मिळणारी मायाही नाही.

पूर्व खानदेशातल्या लेवा गणबोलीची कथा जरा वेगळी. जळगावजवळच्या आसोद्याला १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. १९५१ साली त्या गेल्या. पुढच्या वर्षी, सोपानदेव आणि आचार्य अत्रे यांच्या खटपटीने, त्यांच्या कविता पुस्तकरूपाने आल्या आणि महाराष्ट्र थक्क झाला. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. मात्र कवितेच्या तासाला ज्या 'डोया'वर माना डोलतात, तोच 'डोया' निबंधाच्या वहीत उतरला की त्याखाली तांबडी रेघ येते. निरक्षर शेतकरणीची भाषा कवितेत चालते. तिच्या नातवाने त्या भाषेत अर्ज लिहिलेला चालत नाही.

येथे बोलीचे गोडवे गाण्याचा मोह टाळला पाहिजे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात. त्याच दिवसाच्या सुमारास सालदाराचे साल ठरते. मालक आणि सालदार दोघे एकाच अहिराणीत बोलतात, एकमेकांना 'आबा', 'भो' म्हणतात. तेवढ्याने साल वाजवी ठरत नाही. आणि पुण्यात ज्याच्या 'शे'ला हसले गेले तो खानदेशी शहाद्याच्या बाजारात सातपुड्यातून उतरलेल्या पावरा बाईच्या बोलण्याला हसतो, तेव्हा त्याला आपले हसे आठवत नाही. धडगावच्या मुलाला शाळेत दोन पायऱ्या चढायच्या असतात: आधी बाजाराची अहिराणी, मग पुस्तकाची मराठी. शहाद्याला १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली त्या काळात भिल्ल समाजातूनच आलेल्या अंबरसिंग सुरतवंतींच्या शब्दाला जे वजन होते, ते बाहेरून शिकून आलेल्या कुणा वक्त्याला सहज लाभले नसते.

पोटासाठी सुरतेला गेलेला खानदेशी कामगार उधना-लिंबायतच्या वस्त्यांत श्रावणातली कानबाई बसवतो, रोट करतो. तिथे त्याची बोली टिकते, कारण तिथे ती लपवून काही मिळायचे नसते. ती लपते ती नाशिक-पुण्याच्या कचेरीत, आणि सांगायला संकोच वाटतो, पण आपल्या व्यासपीठावरही.

देवळात शिरताना पायताण बाहेर काढावे तशी बोली पायरीशी ठेवून आपला कार्यकर्ता मंचावर चढतो. घरी, शेतात, एसटीच्या थांब्यावर खळखळून बोलणारा हा माणूस ध्वनिवर्धकासमोर 'सदर बाबीचा गांभीर्याने विचार करण्यात यावा' असे म्हणू लागतो. समोरच्या मजूर बाया पदर सावरून शांत बसतात. ती शांतता सभ्यतेची असते, संमतीची नव्हे. पालगडहून, म्हणजे थेट कोकणातून, १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून आलेले साने गुरुजी खानदेशाला आपले वाटले. आज खानदेशातच जन्मलेला कार्यकर्ता भाषणाला उभा राहिला की गावाला पाहुणा वाटतो.

मग आभार मानले जातात, सतरंज्या गुंडाळल्या जातात, आणि चहाच्या टपरीशी तोच कार्यकर्ता 'काय भो' म्हणत मांडी घालतो. तेव्हा कुठे बाया बोलू लागतात. हजेरीपटावर किती दिवस कमी लागले, अंगठा कोणी कशावर घेतला, मुकादमाने किती कापून घेतले, हे सारे ओघाने बाहेर येते. इतिवृत्तात त्यातले काहीच नसते. ते सभा संपल्यानंतर बोलले गेलेले असते.