आधी वाचा, मग सही करा
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'नोकरीतले अनुभव' हा विषय दिला आहे. मी तीस वर्षे कर्जत लोकलने अंबरनाथच्या एका संरक्षण कारखान्यात गेलो. अंगावर गणवेश नाही, हातात बंदूक नाही. मी लेथवरचा कामगार. नेरळ, भिवपुरी, खोपोलीचे आपले कितीतरी जण त्याच गाडीत असत. जे अजून नोकरीत आहेत त्यांचा प्रश्न आज मांडतो.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातले ४१ आयुध कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. अंबरनाथमधलेच दोन कारखाने पाहा: आयुध निर्माणी 'यंत्र इंडिया'कडे गेली आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी 'आर्मर्ड व्हेइकल्स निगम'कडे. गाव एक, गाडी एक, कंपन्या मात्र दोन.

कारभाराला स्वायत्तता मिळावी, काम वेगाने व्हावे, असे सरकारचे म्हणणे होते. पगार, रजा, निवृत्तिवेतन केंद्र सरकारच्या नियमांनीच राहील, असे आश्वासनही मिळाले. कामगारांना आधी दोन वर्षांसाठी 'डीम्ड डेप्युटेशन'वर, म्हणजे मानीव प्रतिनियुक्तीवर, कंपनीत पाठवले. पुढे ती मुदत वाढवत नेली.

मग हरकत कशाला? मुदत संपल्यावर काय होणार, याला. निवृत्तिवेतनाच्या नियमांत अशा वेळी कर्मचाऱ्यापुढे दोन पर्याय ठेवलेले आहेत. एक, कंपनीत कायमचे सामावून जाणे. दुसरा, सरकारकडे परत येणे. पण परत येणाऱ्याला अतिरिक्त ठरवून मिळेल त्या खात्यात पाठवतात. इथे बसलेल्या शिक्षकांना 'अतिरिक्त' शब्दाची धास्ती वेगळी सांगायला नको. पट घटला की समायोजनाच्या यादीत कुणाचे नाव येईल, या विचाराने झोप उडते. पन्नाशीतल्या टर्नरचे समायोजन कुठल्या कचेरीत करणार?

म्हणून संघटनांची मागणी एवढीच: भरती होताना आम्ही केंद्र सरकारचे कर्मचारी होतो, निवृत्त होईपर्यंत तसेच ठेवा. २०२५ मध्ये या नियमांत आणखी एक दुरुस्ती आली. कंपनीत सामावलेल्या माणसाला पुढे गैरवर्तनासाठी बडतर्फ केले, तर आधीच्या सरकारी सेवेचे निवृत्तिलाभही जाऊ शकतात. त्या निर्णयाचा फेरविचार मंत्रालय करू शकते, हे खरे. तरी सही करण्यापूर्वी हे कलम माहीत हवे.

कंपनी सरकारीच आहे ना, असे कुणी म्हणेल. खालापूरकरांनी रसायनी पाहिली आहे. १९६० साली स्थापन झालेली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स सरकारचीच कंपनी. २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिथले तोट्यातले प्लांट बंद करायचे ठरवले. अग्निबाणासाठी लागणारे रसायन बनवणारा प्लांट तेवढा इस्रोकडे गेला. सरकारी कंपनी आणि सरकारी खाते यांतला फरक आपल्या तालुक्यात असा दिसला.

२०२१ मध्ये एरवी वेगवेगळ्या झेंड्यांखाली असणारे तीन महासंघ एकत्र आले आणि त्यांनी २६ जुलैपासून संपाची हाक दिली. त्याआधीच, ३० जूनला, अत्यावश्यक संरक्षण सेवांचा अध्यादेश निघाला. ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. एक वर्षापुरताच, पण बंदी घातलेल्या संपात भाग घेतल्यास एक वर्षापर्यंत कैद, आणि ओव्हरटाइम नाकारणे हाही संपच.

देशाचा दारूगोळा थांबू नये, हे आम्हालाही पटते. सीमेवरच्या जवानांत आपल्याच शाळेची मुले आहेत. पण ज्याचा संपाचा हक्क काढून घेतला, त्याच्या हातात कागदावरची हरकतच उरते. ती नीट वाचून तिला लेखी उत्तर देणे हे सरकारचे कर्तव्य ठरते.

आणि ती नीट लिहिणे हे आपले. दिनांक, विषय, संदर्भ, मग मुद्दे, असा अर्ज लिहायला याच शाळेने शिकवले. घरात कुणाकडे पर्यायाचा फॉर्म आला, तर घाईने सही करू नका. नियमाचा क्रमांक पाहा, चार जणांत वाचा, हरकत लेखी द्या आणि पोच घ्या.