रानपिंगळ्याची सत्य नोंद



दुर्मीळ पक्ष्यांच्या रक्षणासाठी स्वेच्छेने रानोमाळ हिंडणाऱ्यांनी रानपिंगळ्याचा इतिहास ध्यानी ठेवावा. १८८४ नंतर शतकाहून अधिक काळ हा पक्षी अभ्यासकांना आढळला नाही. १९१४ मध्ये तो गुजरातेत मिळाल्याची नोंद मात्र होती. पुढे ती खोटी ठरली. संग्रहालयातील जुना नमुना चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावलेली होती. ही नोंद बाजूस सारून पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी अस्सल ठिकाणे धुंडाळली, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला.

म्हणून सत्य नोंद हे स्वयंसेवकाचे पहिले कर्तव्य होय. दिनांक, स्थळ व झाड जागीच लिहावे. पक्षी न दिसल्यास तेही लिहावे. रानपिंगळा दिवसाही वावरतो व झाडाच्या ढोलीत घरटे करतो. तेथून दूर राहावे. वनविभागाची परवानगी घ्यावी, पाड्यावरील वाटाड्याचा मान राखावा.

शिक्षकांनी घुबडाविषयीची अंधश्रद्धा दूर करावी, पंचायत सदस्यांनी ढोलीची जुनी झाडे राखावीत. ती झाडे गेली, तर नोंद करण्यास पक्षीच उरणार नाही.